प्रकल्प नोंदी: एनजीसी ५५४८ ते ३सी २७३, कृष्णविवराच्या वस्तुमानाचा अंदाज

६ मे २०२४

एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी विषय नक्की झाला. दीर्घिकांच्या केंद्रातील महाकाय कृष्णविवरांचे वस्तुमान कसे काढतात हे केवळ वाचून न थांबता एका दीर्घिकेच्या प्रत्यक्ष निरीक्षणांवरून ते स्वतः काढून पाहायचे, आणि मग तीच रीत दूरच्या क्वेसारला (दूरच्या दीर्घिकेच्या अतिशय तेजस्वी केंद्राला), म्हणजे ३सी २७३ ला, लावली तर किती विश्वास ठेवता येतो हे तपासायचे, असे माझ्या मार्गदर्शक मॅडमनी सुचवले. जवळची दीर्घिका म्हणून एनजीसी ५५४८ घेतली आहे. ती भूतप तारकासमूहात, स्वातीच्या सुमारे सहा अंश उत्तरेला आहे. या दिवसांत रात्री स्वाती पुण्याच्या जवळजवळ डोक्यावरून जाते, त्यामुळे निदान दिशा तरी गच्चीवरून रोज दिसते. दीर्घिका मात्र तेराव्या प्रतीच्या (प्रतीचा आकडा जितका मोठा तितकी वस्तू मंद) आसपासची असल्याने दुर्बिणीशिवाय तिचा प्रश्नच नाही.

पहिली शंका अशी होती की आपल्या आकाशगंगेच्या केंद्रात जसे एकेका ताऱ्याच्या कक्षेवरून सुमारे ४३ लाख सूर्यांइतके वस्तुमान मिळाले, तसे इथे का करता येऊ नये. हिशेब केल्यावर उत्तर मिळाले. कृष्णविवराचे गुरुत्व ज्या भागात भोवतालच्या ताऱ्यांवर वरचढ ठरते त्याची त्रिज्या, कृष्णविवर ६ कोटी सूर्यांचे आणि ताऱ्यांचा वेगविस्तार (त्यांचे वेग सरासरीभोवती किती विखुरले आहेत ते) सेकंदाला सुमारे १९५ किलोमीटर धरला, तर ७ पार्सेकपेक्षा (एक पार्सेक म्हणजे ३.२६ प्रकाशवर्षे) थोडी कमी येते. दीर्घिका सुमारे ७.५ कोटी पार्सेक दूर असल्याने हे अंतर आकाशात ०.०२ विकलेहूनही (एक विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) लहान दिसेल. हबल दुर्बिणीला दृश्य प्रकाशात ०.०५ विकलेच्या आतले वेगळे करता येत नाही. तेव्हा तारे मोजण्याचा मार्ग बंद. अंतराळात जे दिसत नाही ते काळात मोजायचे, हाच इथला उपाय आहे.

९ मे २०२४

पद्धत नीट समजून घेतली. कृष्णविवरात पडणाऱ्या वायूची तबकडी झगझगत असते आणि तिचा प्रकाश अनियमितपणे कमीजास्त होतो. तिच्यापासून काही अंतरावर वेगाने फिरणारे वायूचे ढग असतात. ते हा प्रकाश शोषून हायड्रोजन, कार्बन वगैरेंच्या उत्सर्जन रेषांच्या रूपात पुन्हा बाहेर टाकतात. तबकडी उजळली की रेषाही उजळते, पण प्रकाशाला ढगांपर्यंत जायला लागणाऱ्या वेळेइतक्या विलंबाने. विलंबाला प्रकाशाच्या वेगाने गुणले की ढगांचे अंतर मिळते; रेषेच्या रुंदीवरून ढगांचा वेग मिळतो; वेगाचा वर्ग गुणिले अंतर, भागिले गुरुत्वस्थिरांक, एवढे झाले की वस्तुमान हाती येते. ब्लँडफर्ड आणि मॅकी यांनी १९८२ मध्ये या कल्पनेची गणिती मांडणी केली, आणि तिचे ‘प्रतिध्वनी-मापन’ (रिव्हर्बरेशन मॅपिंग) हे रूढ नाव या उशिरा येणाऱ्या प्रतिध्वनीवरूनच आले आहे.

मात्र वस्तुमानाच्या सूत्रात शेवटी एक गुणक उरतो. ढग कोणत्या रचनेत आणि आपल्याकडे किती कललेले फिरतात हे माहीत नसल्याने तो घालावा लागतो. त्याला या नोंदींत मी ‘आकारगुणक’ म्हणेन. आज तो फार महत्त्वाचा वाटला नाही.

निरीक्षणे आंतरराष्ट्रीय ‘एजीएन वॉच’ (एजीएन म्हणजे सक्रिय दीर्घिका-केंद्र) मोहिमेची घेतली. डिसेंबर १९८८ पासून सुमारे आठ महिने ‘आययूई’ उपग्रहाने दर चार दिवसांनी या दीर्घिकेचा अतिनील वर्णपट घेतला आणि जमिनीवरच्या अनेक वेधशाळांनी दृश्य वर्णपट घेतले. सगळा संग्रह खुला आहे. तारखांच्या रकान्यात ७५०९ असे चारच आकडे पाहून सुरुवातीला बुचकळ्यात पडले. ज्युलियन दिनांकातून (खगोलशास्त्रातली दिवसांची सलग मोजणी) २४४०००० वजा करून ते लिहिले आहेत, आणि ७५०९ म्हणजे १९८८ च्या डिसेंबरचा मध्य.

१४ मे २०२४

संगणकाला हात लावण्याआधी विलंब डोळ्यांनी पाहायचा असा मॅडमचा आग्रह होता. म्हणून दोन आलेख एकाच मापाने छापले, आडव्या अक्षावर एक मिलिमीटर म्हणजे दोन दिवस. सलग प्रकाशाचा (तबकडीच्या, रेषा सोडून उरलेल्या प्रकाशाचा) आलेख साध्या कागदावर आणि एच-बीटा या हायड्रोजनच्या रेषेचा ट्रेसिंग पेपरवर. प्रयोगशाळेच्या पश्चिमेच्या खिडकीच्या काचेवर पहिला कागद चिकटवला, त्यावर दुसरा धरला आणि हळूहळू डावीकडे सरकवत नेला. सलग प्रकाशात तीन ठळक उंचवटे आहेत. रेषेच्या आलेखात तेच तीन आहेत, पण कडा बोथट झालेल्या, जणू काही कुणी बोटाने पुसल्यासारख्या. नऊ-दहा मिलिमीटर सरकवल्यावर तिन्ही एकदम जुळले. पट्टीने मोजून पेन्सिलीने खूण केली: साडेनऊ मिलिमीटर, म्हणजे १९ दिवस.

कडा बोथट का, याचा विचार खिडकीपाशीच सुचला. ढग कृष्णविवराच्या चहूबाजूंनी आहेत. आपल्या बाजूच्या ढगांची प्रतिक्रिया जवळजवळ लगेच पोचते, पलीकडच्या ढगांची दुप्पट विलंबाने, आणि आपल्याला दिसते ती या सगळ्यांची बेरीज. तेव्हा १९ दिवस हे एका ढगाचे अंतर नव्हे, संपूर्ण वस्तीची सरासरी आहे.

१७ मे २०२४

आलेख किती दिवस सरकवले की सर्वाधिक जुळतात हे शोधणारी सहसंबंधाची आज्ञावली लिहून चालवली. निरीक्षणे समान अंतराने नसल्याने मधल्या दिवसांची मूल्ये सरळ रेषेने भरून घेतली. सहसंबंधाच्या शिखराच्या ८० टक्क्यांवरील भागाचे सरासरी स्थान २०.१ दिवस आले. दीर्घिकेची ताम्रसृती (तिचा प्रकाश तांबड्याकडे सरकल्याचे प्रमाण) ०.०१७२ असल्याने तिथला काळ इथे तितका ताणलेला दिसतो, १.०१७२ ने भागल्यावर १९.८ दिवस. पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २००४ मध्ये याच वर्षाच्या निरीक्षणांसाठी दिलेला आकडा १९.७ आहे, मोजणीतली संभाव्य चूक सुमारे दीड दिवस. समाधान वाटले, आणि खिडकीवरची पेन्सिलीची खूण पुसू नका असे सफाईच्या मावशींना सांगून ठेवले.

१९.८ प्रकाश-दिवस म्हणजे सुमारे ५१,००० कोटी किलोमीटर, सूर्य ते नेपच्यून अंतराच्या शंभरपटीहून अधिक.

अतिनील रेषांचेही करून पाहिले. आयनीभूत कार्बनच्या रेषेचा विलंब सुमारे दहाच दिवसांचा निघतो, आणि ती रेषा एच-बीटापेक्षा रुंद आहे. म्हणजे जो वायू अधिक आत आहे तो अधिक वेगाने फिरतो. ग्रहांच्या बाबतीत शाळेत शिकलेलीच ही गोष्ट आहे, पण अनोळखी ठिकाणी ती ओळखीची दिसली की बरे वाटते.

२८ मे २०२४

गेले दहा दिवस रेषेच्या रुंदीत गेले, आणि त्यातले चार चुकीत.

आधी मोजणीविषयी. वेगवेगळ्या वेधशाळांचे वर्णपट एकमेकांशी जुळवायला एक स्थिर माप लागते. ते दुहेरी आयनीभूत ऑक्सिजनच्या ५००७ अँगस्ट्रॉमच्या (अँगस्ट्रॉम हे तरंगलांबीचे एकक) अरुंद रेषेने मिळते. तो वायू केंद्रापासून इतक्या दूर आणि इतक्या पसरलेल्या भागात आहे की काही महिन्यांत त्याचा उजेड बदलत नाही. सगळे वर्णपट या रेषेच्या बळावर एका पातळीवर आणले, त्यांची सरासरी काढली, आणि सरासरीपासूनचा फरक प्रत्येक तरंगलांबीला किती आहे याचा वेगळा वर्णपट बनवला. या फरकाच्या वर्णपटात जे बदलत नाही ते आपोआप नाहीसे होते. सरासरी वर्णपटात ४९४५ अँगस्ट्रॉमच्या आसपास एच-बीटाचा रुंद डोंगर आणि त्याच्या माथ्यावर अरुंद रेषेचा सुळका दिसतो. फरकाच्या वर्णपटात सुळका गेला आणि नुसता डोंगर उरला. मोजायची ती या डोंगराची रुंदी.

रुंदी मोजण्याचे दोन प्रकार आहेत. एक, अर्ध्या उंचीवरची पूर्ण रुंदी. ती सेकंदाला ४०४० किलोमीटर आली. दुसरा, रेषेच्या आकाराचे प्रमाण विचलन. ते १६९० आले. मी पहिली रुंदी घेतली, आकारगुणक ५.५ घातला, आणि उत्तर ३४ कोटी सूर्यांहून अधिक निघाले. प्रसिद्ध झालेली मूल्ये ६ ते ७ कोटींच्या घरातली. चार दिवस मी विलंबात, एककांत, अंतरात चूक शोधत होते. अंतर तर या सूत्रात येतच नाही, हेही त्या गडबडीत लक्षात राहिले नाही. शेवटी मॅडमनी एकच प्रश्न विचारला, “तुमचा साडेपाच कोणत्या रुंदीसाठी ठरवलेला आहे?” तो प्रमाण विचलनासाठी ठरवलेला होता. दोन्ही रुंदींचे गुणोत्तर २.४ च्या आसपास, त्याचा वर्ग पावणेसहाच्या जवळ, आणि माझे उत्तर नेमके तितक्या पटीने मोठे.

दुरुस्त हिशेब: गुणक न लावता १.१ कोटी सूर्य, ५.५ ने गुणून ६ कोटी.

३ जून २०२४

विलंबातली चूक सुमारे साडेसात टक्के, रुंदीतली तीन-साडेतीन टक्के आणि वर्ग केल्यावर तिची दुप्पट. दोन्ही मिळून वस्तुमानात दहा टक्के. अहवालात ‘६.० ± ०.६ कोटी’ असे लिहून टाकले होते. आज ते खोडले.

आकारगुणक ५.५ कुठून येतो ते शोधत गेले. ज्या शांत, जवळच्या दीर्घिकांची कृष्णविवरे तारे किंवा वायू यांच्या गतीवरून मोजली आहेत त्यांत कृष्णविवराचे वस्तुमान आणि दीर्घिकेच्या फुगीर भागातील ताऱ्यांचा वेगविस्तार यांचा घट्ट संबंध दिसतो. २००० मध्ये दोन गटांनी तो स्वतंत्रपणे मांडला. प्रतिध्वनीने मोजलेल्या दीर्घिकाही सरासरीने त्याच संबंधावर बसाव्यात असे गृहीत धरायचे, आणि त्यासाठी सगळ्यांना कितीने गुणावे लागते ते पाहायचे. २००४ मध्ये ऑन्केन आणि सहकाऱ्यांना ५.५ मिळाला, २०१३ मध्ये ग्रायर आणि सहकाऱ्यांना ४.३. दुसरा वापरला तर माझे ६ कोटी ४.७ कोटी होतात. शिवाय हा गुणक समूहाचा आहे. एकट्या एनजीसी ५५४८ च्या ढगांची तबकडी आपल्याकडे किती कलली आहे ते तो सांगत नाही, आणि एकेका दीर्घिकेसाठी तो अडीच-तीन पटीने इकडेतिकडे असू शकतो. दहा टक्क्यांची चूक ही माझ्या मोजणीची चूक होती, वस्तुमानाची नव्हे.

ज्या मोजपट्टीवर हा गुणक जुळवला तीही निर्दोष नाही. एम८७ या दीर्घिकेत ताऱ्यांच्या गतीवरून २०११ मध्ये ६६० कोटी सूर्य मिळाले, वायूच्या गतीवरून २०१३ मध्ये ३५० कोटी. २०१९ मध्ये इव्हेंट होरायझन दुर्बिणीने कृष्णविवराच्या सावलीभोवतीचे कडे मोजून ६५० कोटी दिले तेव्हा ताऱ्यांच्या बाजूने कौल लागला. एकाच दीर्घिकेत, दोन्ही सन्मान्य पद्धतींत, जवळजवळ दुपटीचा फरक.

११ जून २०२४

पावसाने आज पहिल्यांदा जोर धरला, वीज दोनदा गेली, तरी काम झाले.

एनजीसी ५५४८ चे प्रतिध्वनी-मापन पुढे वर्षानुवर्षे चालू राहिले. पहिल्या तेरा वर्षांत एच-बीटाचा विलंब ६ पासून २६ दिवसांपर्यंत बदलला. दीर्घिका उजळ असताना जास्त, मंद असताना कमी. पहिल्यांदा वाचून धसका बसला, कारण कृष्णविवर काही वर्षावर्षाला जाड-बारीक होत नाही. पण विलंब वाढतो तेव्हा रुंदी घटते, आणि ‘वेगाचा वर्ग गुणिले विलंब’ हा गुणाकार साधारण स्थिर राहतो. दोन्हींचे लघुगणक आलेखावर मांडले तर उतार उणे अर्ध्याच्या जवळ येतो. पीटरसन आणि वॅंडेल यांनी १९९९ मध्ये हे दाखवले. ढग कृष्णविवराच्या गुरुत्वातच फिरत आहेत, नुसते वाऱ्याने उडवलेले नाहीत, याचा माझ्या मते हाच सर्वांत भक्कम पुरावा आहे.

त्याच दीर्घिकेने २०१४ मध्ये गोंधळही घातला. ‘स्टॉर्म’ मोहिमेत हबल दुर्बिणीने जानेवारी ते ऑगस्ट जवळजवळ रोज वर्णपट घेतले, आणि मधल्या काही आठवड्यांत रेषांनी सलग प्रकाशाचे अनुकरण करणे सोडूनच दिले. अभ्यासकांनी या काळाला रेषांची ‘सुट्टी’ म्हटले आहे. त्या वर्षी एच-बीटाचा विलंबही चारच दिवसांच्या आसपास निघाला, उजेडावरून अपेक्षित असलेल्याच्या सुमारे पाचवा हिस्सा. म्हणजे उजेड पाहून अंतर सांगायचे, तर याच दीर्घिकेत एखाद्या वर्षी पाचपट चूक होऊ शकते. दूरच्या क्वेसारबाबत नेमके हेच केले जाते.

२४ जून २०२४

आता ३सी २७३. कन्या तारकासमूहातला हा क्वेसार. मार्टेन श्मिट यांनी १९६३ मध्ये त्याच्या वर्णपटातल्या रेषा हायड्रोजनच्याच, पण ०.१५८ ने ताम्रसृत आहेत हे ओळखले.

दूरच्या हजारो क्वेसारांवर वर्षानुवर्षे पहारा ठेवणे शक्य नसते. म्हणून आडवाट अशी: जवळच्या दीर्घिकांत विलंब आणि तेजस्विता यांचा जो संबंध दिसला तो सर्वत्र खरा मानायचा, एकाच वर्णपटावरून तेजस्विता आणि रुंदी काढायची, आणि अंतर त्या संबंधातून उसने घ्यायचे. हा संबंधही एकदम सरळ सापडलेला नाही. विलंब तेजस्वितेच्या ज्या घाताने वाढतो तो २००० मध्ये ०.७ मानला जात होता; मंद केंद्रांच्या मोजणीत भोवतालच्या दीर्घिकेतील ताऱ्यांचा उजेड मिसळलेला होता, तो हबलच्या छायाचित्रांवरून वजा केल्यावर २०१३ मध्ये बेंट्झ आणि सहकाऱ्यांना ०.५३ मिळाला, म्हणजे साध्या भौतिकीने सुचवलेल्या वर्गमुळाच्या अगदी जवळ.

हिशेब असा. ३सी २७३ ची प्रत १२.९, त्यावरून दृश्य प्रकाशातली तेजस्विता सेकंदाला ९ गुणिले १० चा ४५वा घात अर्ग (अर्ग हे ऊर्जेचे एकक). बेंट्झ यांच्या संबंधावरून विलंब ३७० दिवस. एच-बीटाची अर्ध्या उंचीवरची रुंदी, लोहाच्या असंख्य मिसळलेल्या रेषा वजा केल्यावर, सुमारे ३४०० किलोमीटर. या वेळी सूत्र कोणत्या रुंदीसाठी आहे ते तीनदा तपासले. व्हेस्टरगार्ड आणि पीटरसन यांचे २००६ चे सूत्र वापरून वस्तुमान ८९ कोटी सूर्य आले. पीटरसन आणि सहकाऱ्यांच्या २००४ च्या यादीत प्रतिध्वनीने काढलेला आकडाही जवळजवळ हाच, ८८.६ कोटी. मॅडमना दाखवले. त्या म्हणाल्या, “आता २०१८ चे वाचा, मग सही करते.”

२ जुलै २०२४

२०१८ च्या निबंधाने माझे ८९ कोटी मोडीत काढले.

चिलीतल्या पारानाल येथे ८.२ मीटरच्या चार दुर्बिणींचा प्रकाश ‘ग्रॅव्हिटी’ या उपकरणात एकत्र आणून ३सी २७३ च्या रुंद रेषेचे ढग प्रत्यक्ष अंतराळात मोजले गेले. रेषेच्या तांबड्या बाजूचा प्रकाश आणि निळ्या बाजूचा प्रकाश यांची स्थाने किंचित वेगळी निघाली, आणि हा सरकाव क्वेसारमधून बाहेर फेकल्या जाणाऱ्या द्रव्याच्या झोताला काटकोनात आहे. ढगांची जाड तबकडी झोताभोवती फिरत असेल तर असेच दिसायला हवे. ढगांच्या वस्तीची त्रिज्या ४६ मायक्रोविकला (मायक्रोविकला म्हणजे विकलेचा दहा लाखावा भाग), म्हणजे ०.१२ पार्सेक. प्रकाशाला ते अंतर कापायला सुमारे १४३ दिवस लागतात, ३७० नव्हे. वस्तुमान २६ कोटी, चूक ११ कोटी. पुढच्याच वर्षी दहा वर्षांच्या निरीक्षणांतून प्रतिध्वनीचा नवा विलंब प्रसिद्ध झाला: १४७ दिवस. वस्तुमान ४१ कोटी. एका पद्धतीने कोनात मोजले, दुसरीने दिवसांत, आणि दोघींचे अंतर एकच निघाले.

सहज म्हणून एनजीसी ५५४८ च्या १९.८ प्रकाश-दिवसांचा कोन काढला. तोही ४५ मायक्रोविकला येतो. कितीतरी पट दूर असलेला क्वेसार आणि शेजारची दीर्घिका यांच्या ढगांच्या वस्त्या आकाशात जवळजवळ सारख्याच आकाराच्या आहेत.

९ जुलै २०२४

विलंबाचा संबंध ३सी २७३ ला अडीचपट का चुकला, याचे एक पटण्यासारखे कारण एडिंग्टन मर्यादेत (जिच्यापुढे प्रकाशाचा दाब आत पडणाऱ्या वायूला बाहेर ढकलू लागतो ती तेजस्विता) आहे. एकूण तेजस्विता दृश्य तेजस्वितेच्या नऊपट धरली आणि वस्तुमान ८९ कोटी मानले, तर हा क्वेसार मर्यादेच्या ७० टक्क्यांवर येतो. २६ कोटी मानले तर मर्यादेच्या अडीचपट. जी केंद्रे मर्यादेच्या आसपास किंवा वर वायू गिळतात त्यांचे विलंब तेजस्वितेच्या मानाने आखूड असतात हे गेल्या दशकात इतर मोहिमांतही दिसले आहे. यंदाच्या जानेवारीत ‘ग्रॅव्हिटी’च्या सुधारित उपकरणाने २.३ ताम्रसृतीच्या एका क्वेसारचे वस्तुमान ३२ कोटी दिले, आणि तोही मर्यादेच्या पुष्कळ वर आहे. एकाच वर्णपटावरून विश्वाच्या बाल्यात हजार कोटी सूर्यांची कृष्णविवरे सांगितली जातात तेव्हा मी आता आधी त्यांची तेजस्विता पाहीन.

अहवालातला तक्ता बदलला. एनजीसी ५५४८ समोर गुणकाशिवायचे १.१ कोटी पहिल्या रकान्यात, चूक दहा टक्के. पुढच्या रकान्यात ६ कोटी, आणि त्यापुढे ‘तीनपटीपर्यंत अनिश्चित’. ३सी २७३ समोर एक आकडा लिहायचा मोह आवरला आणि ८९, ४१, २६ हे तिन्ही पद्धतीच्या नावासह लिहिले. मॅडमनी सही केली, आणि रुंदीच्या स्तंभावर ‘कोणती?’ असे पेन्सिलीने लिहून परत दिला. स्तंभाचे शीर्षक दुरुस्त करून उद्या पुन्हा छापायचा आहे.